बियाणे वाटण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे. बियाणे बँकेला आहे का?

खाजन शेतीतील खाऱ्या पाण्याला तोंड देणारे कोरगुट भात पिढ्यान्‌पिढ्या टिकले ते हातोहात झालेल्या देवाणघेवाणीवर. एका घरचे बी संपले की ते शेजाऱ्याकडून आणायचे आणि सुगीनंतर परत करायचे, हाच त्याचा पुरवठा आणि हीच त्याची साठवण. पावसाळी भेंडी, दोडकी, चिबूड, अळसांदे, खोलची मिरची यांचेही तेच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मे महिन्यात गावठी बियाण्यांच्या पुरचुंड्या मांडून बसणाऱ्या महिलांकडे ना परवाना असतो, ना छापील लेबल. तरीही त्यांच्याकडचे बी विश्वासाने घेतले जाते.

गेल्या काही वर्षांत या जुन्या व्यवहाराला संघटित रूप येऊ लागले आहे. बचतगट, शेतकरी क्लब, शाळा आणि स्वयंसेवी संस्था बियाणे बँका उभारतात, बियाणे महोत्सव भरवतात. त्यामुळे पूर्वी कोणाच्या मनातही न येणारा एक प्रश्न पुढे आला आहे: असे बियाणे गोळा करणे आणि वाटणे कायद्याला मान्य आहे काय? केंद्रीय कृषी मंत्रालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा सूचना व हरकतींसाठी खुला केल्यापासून हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण ते तीन-चार कायद्यांत विखुरलेले आहे आणि त्यांतील प्रत्येक कायदा वेगळ्या हेतूने केलेला आहे.

१९६६ चा कायदा: दर्जाची हमी

देशात आजवर बियाण्यांचा व्यवहार मुख्यतः बियाणे अधिनियम १९६६ नुसार चालत आला. हा कायदा ज्या काळात झाला तो काळ ध्यानात घ्यावा लागतो. त्याच वर्षी भारताने मेक्सिकोतून सुमारे १८ हजार टन गव्हाचे बियाणे आयात केले आणि हरितक्रांतीची पायाभरणी झाली. नवे सुधारित वाण शेतकऱ्याच्या ओळखीचे नव्हते. पिशवीत जे लिहिले आहे तेच आत आहे आणि ते उगवणार आहे, याची हमी कोणीतरी देणे भाग होते. ती हमी देण्यासाठी हा कायदा आला.

त्याची रचना अशी की, सरकारने ज्या पिकांचे वा वाणांचे बियाणे ‘अधिसूचित’ केले असेल, त्याच बियाण्यांच्या व्यापाराला हा कायदा लागू होतो. अशा बियाण्यांची उगवणक्षमता आणि शुद्धता ठरावीक किमान पातळीची असावी लागते व पाकिटावर तसे लेबल असावे लागते. कलम ७ मध्ये ज्या व्यवहारांवर बंधन आहे त्यांची यादी मात्र मुद्दाम वाचण्याजोगी आहे. विक्री, विक्रीसाठी साठवण आणि विक्रीचा प्रस्ताव यांच्या जोडीला तेथे वस्तुविनिमय आणि ‘अन्य प्रकारे पुरवठा’ हे शब्दही आहेत. म्हणजे पैसे घेतले नाहीत एवढ्यावरून कोणताही व्यवहार आपोआप कायद्याबाहेर जात नाही. मात्र हे सारे ‘व्यवसाय’ म्हणून केले जात असेल तर, असे त्या कलमाचे सूत्र आहे.

शेतकऱ्यासाठी याच कायद्यात कलम २४ ही पळवाट नव्हे, तर राजमार्ग म्हणून ठेवलेली आहे. स्वतः पिकवलेले बियाणे स्वतःच्या जागेत, थेट दुसऱ्या व्यक्तीला, तिच्या स्वतःच्या पेरणीसाठी विकले वा दिले, तर हा कायदा लागू होत नाही. यातील प्रत्येक अट महत्त्वाची आहे. बी पिकवणाराच देणारा असावा, देवघेव त्याच्याच आवारात व्हावी, मध्ये तिसरे कोणी नसावे आणि घेणाऱ्याने ते पेरावे. गावातील शेजारधर्म या चौकटीत नेमका बसतो. बियाणे बँकेचे काय, हा प्रश्न पुढे येईल.

याच्या जोडीला बियाणे (नियंत्रण) आदेश १९८३ आहे. जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली काढलेल्या या आदेशानुसार बियाणे विक्रीचा व्यवसाय करणाऱ्याला परवाना घ्यावा लागतो. कृषी सेवा केंद्रांच्या भिंतीवर चौकटीत लावलेला परवाना असतो तो हाच.

२००१ चा कायदा: शेतकऱ्याचा हक्क

दुसरा टप्पा जागतिक व्यापार संघटनेच्या स्थापनेनंतर आला. बौद्धिक संपदेच्या करारानुसार वनस्पतींच्या वाणांना पेटंट किंवा अन्य परिणामकारक पद्धतीने संरक्षण देणे सदस्य देशांवर बंधनकारक झाले. अनेक देशांनी ‘युपोव्ह’ या आंतरराष्ट्रीय कराराचा साचा स्वीकारला. त्यात पैदासकाराचे हक्क बळकट असून शेतकऱ्याने राखून ठेवलेल्या बियाण्याला मर्यादित सवलत आहे. भारताने तो साचा न स्वीकारता स्वतःचा कायदा केला: वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम २००१. पैदासकार आणि शेतकरी या दोघांचे हक्क एकाच कायद्यात शेजारी मांडणारे असे कायदे जगात थोडे आहेत.

या कायद्याच्या कलम ३९ मध्ये या विषयाचा गाभा आहे. कायदा येण्यापूर्वी शेतकऱ्याला जो हक्क होता त्याच रीतीने तो आपला शेतमाल, संरक्षित वाणाच्या बियाण्यासह, राखून ठेवू शकतो, वापरू शकतो, पेरू शकतो, पुन्हा पेरू शकतो, त्याची देवाणघेवाण करू शकतो, वाटू शकतो आणि विकूही शकतो. अट एकच: संरक्षित वाणाचे बियाणे त्या वाणाचे नाव दर्शवणाऱ्या लेबलासह पाकीटबंद करून, म्हणजे ‘ब्रँडेड’ स्वरूपात, विकता येणार नाही. कंपनीने नोंदवलेल्या वाणालाही हा हक्क लागू आहे. मग ज्यांच्यावर कोणाचाच मालकी हक्क नाही त्या गावठी वाणांबद्दल शंकेला जागाच उरत नाही.

या कायद्यातील ‘शेतकरी’ या शब्दाची व्याख्याही उदार आहे. स्वतः जमीन कसणारा किंवा देखरेखीखाली कसून घेणारा शेतकरी तर त्यात आहेच. शिवाय पारंपरिक वाणांचे किंवा त्यांच्या रानटी जातींचे एकट्याने वा इतरांसोबत मिळून जतन करणारी व्यक्तीही या कायद्याच्या दृष्टीने शेतकरी आहे. परसात दहा प्रकारच्या वालाचे बी जपणारी गृहिणी सातबाऱ्यावर नाव नसतानाही या व्याख्येत येऊ शकते. शेतकऱ्यांचा गट किंवा समुदाय आपल्या पारंपरिक वाणाच्या नोंदणीसाठी अर्जही करू शकतो आणि त्यासाठी त्याला शुल्क नाही.

गुजरातचे बटाटे

हा हक्क कागदावरचा की प्रत्यक्षातला, याची कसोटी २०१९ मध्ये लागली. चिप्ससाठीच्या ‘एफसी ५’ या नोंदणीकृत बटाट्याच्या वाणाची विनापरवाना लागवड केल्याचा आरोप ठेवून पेप्सिको कंपनीने उत्तर गुजरातमधील शेतकऱ्यांवर दावे लावले. त्यांपैकी चौघांकडून प्रत्येकी सुमारे १ कोटी ५ लाख रुपयांच्या भरपाईची मागणी होती. शेतकरी संघटनांनी कलम ३९ पुढे केले, देशभर टीका झाली आणि मे २०१९ मध्ये कंपनीने दावे मागे घेतले.

प्रकरण तेथे संपले नाही. शेतकरी हक्कांच्या कार्यकर्त्या कविता कुरुगंटी यांच्या अर्जावरून वाण संरक्षण प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये त्या वाणाची नोंदणीच रद्द केली. जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने कंपनीचे अपील फेटाळले. जानेवारी २०२४ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो निर्णय फिरवला. हा नंतरचा वाद मुख्यतः नोंदणी अर्जातील तपशिलांवर चालला. मूळ दावे मागे घेतले गेल्यामुळे कलम ३९ ची व्याप्ती नेमकी किती, यावर त्या दाव्यांत न्यायालयाचा निवाडा होऊ शकला नाही. शेतकरी जिंकले, पण ज्या वाक्याच्या बळावर जिंकले त्या वाक्याचा अर्थ न्यायालयाने त्यांच्यासाठी लिहून ठेवलेला नाही. पुढच्या वादात तो पुन्हा मांडावा लागेल.

बियाणे बँक कोठे बसते?

येथवर सारे एका शेतकऱ्याविषयी झाले. बियाणे बँकेचा व्यवहार याहून वेगळा असतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या कोंभाळणे गावात राहीबाई पोपेरे यांनी उभारलेली देशी बियाण्यांची बँक महाराष्ट्राबाहेरही परिचित आहे. त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. अशा बँकांची सर्वसाधारण पद्धत अशी: अनेकांकडून बी गोळा करायचे, निवडून आणि राखेत वा कडुनिंबाच्या पाल्यात घालून साठवायचे, मागणाऱ्याला द्यायचे आणि हंगामानंतर घेतले त्याहून अधिक, बहुधा दुप्पट, परत घ्यायचे.

हा व्यवहार १९६६ च्या कायद्यातील कलम २४ च्या अटींशी ताडून पाहिला तर अडचण लक्षात येते. बँकेने बी स्वतः पिकवलेले नसते. देवघेव पिकवणाऱ्याच्या आवारात होत नाही, पंचायतीच्या सभागृहात किंवा महोत्सवाच्या मांडवात होते. पिकवणारा आणि पेरणारा यांच्या मध्ये संस्था असते. दुपटीने परत घेण्याची प्रथा तर शब्दशः वस्तुविनिमय आहे. म्हणजे शेतकऱ्याला मिळालेली सूट बँकेला जशीच्या तशी लागू होत नाही.

तरीही आजवर बियाणे बँका निर्धास्तपणे चालल्या, त्याला दोन आधार आहेत. पहिला, गावठी वाण सहसा अधिसूचित नसतात. अधिसूचना प्रामुख्याने संशोधन संस्थांनी व कंपन्यांनी विकसित केलेल्या वाणांची निघते. त्यामुळे कोरगुट किंवा गावठी भेंडी मूळ कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. दुसरा, अशा बँका नफ्यासाठी ‘व्यवसाय’ करीत नाहीत. हे दोन्ही आधार खरे आहेत. पण ते अनुमानाने मिळालेले आहेत. ‘ना-नफा तत्त्वावर बियाणे जतन करणाऱ्या समूहाला हा कायदा लागू नाही’ असे वाक्य कोठेही लिहिलेले नाही. २००१ चा कायदा वाणाच्या नोंदणीसाठी समूहाला ओळखतो, जतनाचे काम एकत्रितपणे होते हेही मान्य करतो. मात्र देवाणघेवाणीचा हक्क सांगताना तो ‘शेतकरी’ असा एकवचनी शब्द वापरतो. बियाणे बँक या फटीत उभी आहे.

फरक छोट्या उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या बचतगटाने सुधारित भाताच्या अधिसूचित वाणाचे घरचे बी गोळा करून, स्वच्छ करून, वजनी पिशव्यांत भरून तालुक्याच्या बाजारात विकायला ठेवले, तर तो परवान्याच्या कक्षेत येतो. त्याच गटातील प्रत्येक सदस्याने तेच बी आपापल्या घरून विकले, तर येत नाही. काम तेच, माणसे तीच; एकत्र आल्यामुळे त्यांचे कायद्यातील स्थान बदलते.

इतर देशांचा अनुभव

अशी फट कोरडी चर्चा नसते, हे अमेरिकेत दिसून आले. तेथे सार्वजनिक ग्रंथालयांत पुस्तकांसारखी बियाण्यांची पाकिटे नेण्याची सोय असते. हंगामानंतर वाचकाने आपल्या बागेतील बी परत आणून द्यायचे. २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याच्या कृषी खात्याने मेकॅनिक्सबर्ग येथील एका ग्रंथालयाला कळवले की, हे वाटप राज्याच्या बियाणे कायद्यात येते आणि परत आलेल्या प्रत्येक बियाण्याची चाचणी व लेबल आवश्यक आहे. ग्रंथालयाला ते शक्य नव्हते. त्याने परत आलेले बी वाटणे थांबवले. या घटनेची मोठी चर्चा झाली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत मिनेसोटा, नेब्रास्का, इलिनॉय, कॅलिफोर्निया या राज्यांनी बिगरव्यापारी देवाणघेवाणीला सूट देणाऱ्या दुरुस्त्या केल्या. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. व्यापारासाठी लिहिलेले शब्द शेजारधर्माला लागू पडत होते, इतकेच.

केनियात बाब अधिक गंभीर होती. तेथील कायद्याने नोंदणी नसलेल्या बियाण्यांची देवघेव हा तुरुंगवासापर्यंत शिक्षा असलेला गुन्हा ठरवला होता. १५ लहान शेतकऱ्यांनी त्याला आव्हान दिले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये केनियाच्या उच्च न्यायालयाने त्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. योगायोगाने त्याच महिन्यात भारतात नव्या विधेयकाच्या मसुद्यावर हरकती मागवल्या जात होत्या.

नव्या मसुद्यात काय आहे?

१९६६ चा कायदा बदलण्याचा हा पहिला प्रयत्न नाही. २००४ मध्ये राज्यसभेत विधेयक आले होते. शेतकऱ्याने विकलेल्या बियाण्यालाही किमान दर्जाची अट लावणारी त्यातील तरतूद वादग्रस्त ठरली आणि ते विधेयक मंजूर झालेच नाही. २०१९ चा मसुदाही मसुदाच राहिला.

२०२५ चा मसुदा १९६६ चा अधिनियम आणि १९८३ चा आदेश या दोहोंची जागा घेण्यासाठी आहे. त्यात विक्रीसाठीच्या वाणांची नोंदणी सक्तीची असून शेतकऱ्यांचे वाण त्यातून वगळले आहेत. बियाण्यांच्या पाकिटावर क्यूआर कोड येणार आहे, जेणेकरून त्याचा माग उत्पादकापर्यंत काढता येईल. गंभीर गुन्ह्यांसाठी ३० लाख रुपयांपर्यंत दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद प्रस्तावित आहे. १९६६ च्या कायद्यातील पहिल्या गुन्ह्याचा दंड कमाल ५०० रुपये होता, हे पाहता कडक शिक्षेची मागणी समजण्याजोगी आहे. बोगस बियाण्यामुळे हंगाम गमावलेल्या शेतकऱ्याला पाचशे रुपयांच्या दंडाने कोणताच न्याय मिळत नाही.

शेतकऱ्याने आपले बियाणे राखणे, पेरणे, वाटणे व ब्रँडविना विकणे याचा हक्क मसुद्यानेही मान्य केला आहे. आक्षेप आहे तो समूहाबाबत. देशी बियाणे जपणाऱ्या संघटनांचे म्हणणे असे की, महिलांचे बियाणे गट, शेतकरी उत्पादक संस्था आणि बियाणे बँका यांना मसुद्यात स्वतंत्र ओळख नसल्याने त्या व्यापाऱ्यांच्या रांगेत उभ्या केल्या जातील. दंड ५०० रुपयांचा होता तोवर फट दुर्लक्षिता येत होती. दंड लाखांत गेला की त्याच फटीत पाय अडकण्याची भीती वाढते, आणि ही भीतीच अनेक लहान गटांना कामापासून परावृत्त करण्यास पुरेशी ठरते.

दर्जाचा प्रश्न खोटा नाही, हेही नमूद करावे लागते. वालवर्गीय पिकांचे काही विषाणू बियाण्यांतून पसरतात, भाताच्या बियाण्यांतून तणाचे बी जाते, जुने बी उगवत नाही. वाटपाचा उत्साह मोठा आणि निवडीची शिस्त कमी असेल, तर बियाणे बँकही शेतकऱ्याचे नुकसान करू शकते. मात्र ओळखीच्या माणसाकडून मूठभर बी घेणे आणि अनोळखी कंपनीची पाच किलोंची पिशवी विकत घेणे यांतील जोखीम सारखी नाही. सूट देणारे कायदे हा फरक मानतात.

गटांनी काय सांभाळावे?

स्थानिक बियाणे गटांना सध्याच्या कायद्यात राहून बरेच काही करता येते.

गावठी वाणांवर भर द्यावा. दुकानातील संकरित बियाण्याच्या पिकातून काढलेले बी पुढच्या हंगामात तसेच पीक देत नाही, त्यामुळे ते वाटण्यात अर्थही नसतो. पाकिटावर पिकाचे स्थानिक नाव, गाव, देणाऱ्याचा उल्लेख आणि हंगाम लिहावा. कोणत्याही नोंदणीकृत वाणाचे नाव किंवा कंपनीचे चिन्ह वापरू नये. कोणी दिले, कोणी नेले याची वही ठेवावी. तीच वही उद्या गटाच्या कामाचा पुरावा ठरू शकते.

मान्यता नसलेले जनुकीय बदल केलेले बियाणे, उदाहरणार्थ तणनाशकाला सहनशील कापूस, या हक्कात बसत नाही. त्यावर पर्यावरण संरक्षण कायद्याखालील नियमांचे स्वतंत्र बंधन आहे. परदेशातून येणारे बीही धोक्याचे. लिस्बन, लंडन वा आखातातून घरी येताना भाजीचे बी आणण्याची हौस अनेक कुटुंबांत असते. पण वनस्पती संगरोध आदेश २००३ नुसार आयात परवाना आणि रोगमुक्ततेच्या प्रमाणपत्राविना बियाणे देशात आणता येत नाही.

भौगोलिक मानांकनाबाबतही गैरसमज आढळतो. खोलच्या आणि हरमलच्या मिरचीला मानांकन मिळाले म्हणून तिचे बी पेरण्यास वा शेजाऱ्याला देण्यास बंदी आलेली नाही. मानांकन नावाचे रक्षण करते. दुसरीकडे पिकवलेली मिरची ‘खोलची’ म्हणून विकता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

याखेरीज प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असणे जैवविविधता कायद्याला अपेक्षित आहे. गावातील वाणांची नोंद त्या वहीत झाली, तर ते वाण कोणाच्या परिश्रमातून टिकले हे पुढे सांगता येते. ही बाब पोकळ अभिमानाची नाही. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने खाजनासाठी विकसित केलेले ‘गोवा धान १’ आणि ‘गोवा धान २’ हे क्षारसहिष्णु वाण कोरगुटमधूनच निवडलेले आहेत. शेतकऱ्यांनी ते भात पेरत राहिले नसते, तर निवडीसाठी शास्त्रज्ञांच्या हाती काही उरले नसते.

जया आणि ज्योती या भातांचे बी दुकानात आणि खात्याकडे मिळत राहील. बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले की मात्र गरज पडते ती अशा वाणाची, ज्याचा साठा कोणत्याही विक्रेत्याच्या यादीत नसतो. तो साठा ज्यांच्या कणगीत आणि बरणीत आहे, त्यांनी एकत्र येऊन तो वाटावा की नाही, हे संसदेतून बाहेर पडणाऱ्या अंतिम शब्दांवर ठरणार आहे. ‘बिगरव्यापारी तत्त्वावर बियाणे जपणारे व वाटणारे समूह’ एवढे शब्द सवलतीच्या कलमात आले, तरी पुरे आहे.